दाखवून थांबणं आणि लपवून थांबणं

आमच्या थोरल्या काकांना अंतर्गळ, म्हणजे जांघेचा हर्निया, आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. शेतातून आले की ते ओसरीवर उताणे पडायचे, गुडघे दुमडायचे आणि धोतराखाली हात घालून काही वेळ दाबून धरायचे. मग एक सुस्कारा सोडून उठायचे, चहा मागायचे. आम्ही पोरांनी विचारलं तर म्हणायचे, "हवा भरते रे." दिवसभर लंगोट कसून बांधलेला असे. असं त्यांनी अकरा वर्षं काढली. एका पोळ्याच्या आदल्या रात्री तो गोळा आत जाईना. रात्रभर उलट्या झाल्या. अपचन समजून ओवा दिला, वीट तापवून शेकलं, सकाळी गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडून तेल लावून चोळून घेतलं. तालुक्याला नेईपर्यंत दुपार टळली आणि तिथून जिल्ह्याला नेईपर्यंत दिवेलागण झाली. हातभर काळं पडलेलं आतडं कापून टाकावं लागलं. काका वाचले, पण महिनाभर खाटेला खिळले आणि पुन्हा कधी नांगराला हात लावू शकले नाहीत.

त्या अकरा वर्षांत एक साधी शस्त्रक्रिया कधीही करता आली असती. ती का झाली नाही, या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढलं. वाचत गेलो, सर्जन मंडळींशी बोलत गेलो, तसं ध्यानात आलं की "हर्निया झाला की लगेच ऑपरेशन" हे सरसकट खरं नाही आणि "दुखत नाही तोवर काही करू नये" हेही नाही. कोण थांबू शकतं, किती थांबू शकतं आणि थांबताना कशावर नजर ठेवायची, यांची उत्तरं माणसागणिक बदलतात.

आधी शरीराची गोष्ट. पोटाची भिंत म्हणजे स्नायू आणि चिवट पडदे यांचे एकावर एक थर. जांघेत ही भिंत जन्मापासूनच थोडी कच्ची असते, पुरुषांमध्ये विशेष. गर्भात असताना मुलाची वृषणं पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतल्या एका बोगद्यातून खाली अंडकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पिशवी सोबत ओढत नेतात. ही पिशवी पुढे आपोआप बंद व्हायला हवी. काहींची होत नाही, आणि त्या उघड्या वाटेने पुढे कधीतरी आतडं किंवा आतड्यावरची चरबीची चादर खाली सरकते. हा अंतर्गळाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. उजवं वृषण सहसा मागाहून उतरतं, म्हणून उजव्या बाजूचा हर्निया जास्त दिसतो. दुसरा प्रकार उतारवयातला. वर्षानुवर्षांच्या ताणाने भिंतच सैल पडते आणि समोरून फुगवटा येतो. तिसरा प्रकार जांघेच्या घडीखाली, जिथून पायाची मोठी शीर जाते तिथल्या अरुंद कडीतून बाहेर पडतो. हा एकंदरीत कमी आढळतो, बहुतेक करून बायकांना होतो आणि तिन्हींत तोच सगळ्यात घातकी आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इंग्लंडमधल्या एका जुन्या पाहणीनुसार आयुष्यभरात जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करून घेण्याची वेळ दर शंभर पुरुषांपैकी साधारण 27 जणांवर आणि दर शंभर बायकांपैकी 3 जणींवर येते. जगभरात दरवर्षी अशा 2 कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात. इतक्या नेहमीच्या दुखण्याबद्दल इतकी गुप्तता असावी, याचं मला अजून नवल वाटतं.

हे दुखणं नवं नाही. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांत अंत्रवृद्धी आहे. कारणं दिली आहेत ती जड ओझं उचलणं, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणं, झाडावरून पडणं. दाबलं की आवाज करत आत जातं आणि सोडलं की पुन्हा बाहेर येतं, हे निरीक्षणही तिथे आहे. अंडकोशापर्यंत पोचलेली अंत्रवृद्धी त्या ग्रंथाने असाध्य मानली आणि तेव्हाच्या साधनांनी ती तशीच होती. आज ती असाध्य राहिलेली नाही, पण आपली वागणूक पुष्कळदा त्याच काळातली वाटते.

लक्षणं ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. अंघोळीला उभं असताना जांघेत लिंबाएवढा किंवा सुपारीएवढा फुगवटा दिसतो. खोकलं, शिंकलं, कुंथलं, पोतं उचललं की तो मोठा होतो, आडवं पडलं की मावळतो. संध्याकाळी जांघ ओढल्यासारखी, जड वाटते. कधी जळजळ, कधी टोचल्यासारखं. पुष्कळांना दुखतच नाही, आणि घात तिथेच होतो. काहींचा गोळा हळूहळू अंडकोशात उतरत जातो आणि वर्षानुवर्षांनी इतका मोठा होतो की चालताना मांड्यांना घासतो, लघवीला अडथळा होतो, धोतर-पायजम्यातूनही दिसतो. मग माणूस लग्नकार्याला जाणं टाळू लागतो.

सोबतच्या दुखण्यांकडेही पाहायला हवं. वर्षानुवर्षं बिडी ओढून खोकणारा, प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करणारा, बद्धकोष्ठाने रोज कुंथणारा माणूस, यांच्या जांघेवर दिवसातून पन्नास वेळा दाब येतो. हर्निया शिवून खोकला तसाच ठेवला तर टाक्यांवरही तोच दाब येणार. म्हणून चांगला सर्जन पोट तपासण्याआधी छाती आणि लघवीची चौकशी करतो. उतारवयात अचानक नवीन बद्धकोष्ठ आणि नवीन हर्निया एकत्र आले तर आतड्याचीही तपासणी करून घ्यावी.

आता अंगावर काढणाऱ्यांबद्दल. लाज हे यातलं पहिलं कारण आणि ती फक्त खेड्यातल्या माणसाला वाटते असं नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाची राणी कॅरोलाइन हिला 1724 मध्ये शेवटच्या बाळंतपणानंतर बेंबीचा हर्निया झाला. तिने तो तेरा वर्षं लपवला आणि राजालाही त्याबद्दल बोलू दिलं नाही. नोव्हेंबर 1737 मध्ये तिच्या पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा वैद्य काही दिवस भलतेच उपचार करत राहिले. खरं कारण कळलं तोवर आतडं कुजलं होतं. 20 नोव्हेंबरला ती गेली. तिच्याच नवऱ्याचे राजसर्जन क्लॉडियस अम्यांड यांनी दोनच वर्षांपूर्वी, 1735 मध्ये, लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात अकरा वर्षांच्या एका मुलाचा जांघेचा हर्निया उघडला होता. आत अपेंडिक्स अडकलं होतं, ते त्यांनी काढलं आणि मुलगा बरा झाला. भूल नव्हती, निर्जंतुकीकरण माहीत नव्हतं, तरीही. राणीचा हर्निया बेंबीचा होता, जांघेचा नव्हता, आणि त्या काळात वेळेवर सांगूनही ती वाचली असती असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ती तेरा वर्षं मला काकांच्या अकरा वर्षांसारखीच दिसतात.

दुसरं कारण, गाठीला भलतंच नाव पडतं. आपल्याकडे जांघेत काही सुजलं की पहिला शब्द येतो तो अवधाण. पायाला काटा लागला, जखम झाली की जांघेत अवधाण येतं, दोन दिवस शेकलं की उतरतं, हे घराघरातलं ज्ञान आहे आणि ते चूक नाही. पण बायकांचा तो तिसऱ्या प्रकारचा हर्निया, जांघेच्या घडीखालचा, नेमका अवधाणासारखाच दिसतो. छोटी, घट्ट, बोराएवढी गाठ. कधी आत जाते, पुष्कळदा जात नाही. साठीच्या पुढची कृश बाई असेल तर तिची गाठ कुणी पाहतही नाही. आई सुनेला सांगत नाही, सून डॉक्टरला सांगताना शब्द शोधते, आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर असेल तर तपासणी कपड्यावरूनच होते. बायकांमध्ये कधी गाठ दिसतच नाही, फक्त जांघेत दुखतं, म्हणून दुखणं गर्भाशयाचं किंवा कमरेचं ठरवलं जातं.

विदर्भात याच्या उलट गोंधळ होतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगाचं ओझं मोठं आहे आणि त्यातून पुरुषांना अंडवृद्धी म्हणजे हायड्रोसील होतं. अंडकोश सुजलेला दिसला की "पाणी भरलंय" असं गृहीत धरतात. पण पाणी भरलेला अंडकोश आडवं पडल्यावर लहान होत नाही आणि त्याच्या वरच्या बाजूला बोटाने चाचपता येतं. हर्निया वरून, पोटातून उतरलेला असतो, त्याच्या वर बोट जात नाही. पाणी समजून कुणी सुई घातली आणि आत आतडं निघालं, तर त्याचे परिणाम भयंकर होतात. हे ठरवायला हाताची तपासणी लागते, गरज पडलीच तर सोनोग्राफी.

बाळांच्या बाबतीत एक गैरसमज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली दिसली की आजी नाणं बांधते आणि वर्ष-दोन वर्षांत बेंबी आत जाते. ती नाण्याने जात नाही. बेंबीचं छिद्र वाढत्या वयात आपोआप मिटतं, आणि नाण्याने कातडीला जखम मात्र होऊ शकते. पण या अनुभवावरून आजी म्हणते, जांघेतलंही मोठेपणी जाईल. जांघेतली पिशवी अशी मिटत नाही. बाळ रडताना जांघेत किंवा अंडकोशात फुगवटा येत असेल तर ती शस्त्रक्रियेचीच बाब आहे आणि वय जितकं लहान तितका आतडं अडकण्याचा धोका जास्त. दर शंभर बाळांत एक ते पाच जणांना हा हर्निया असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त, काही गटांत शंभरात तीसपर्यंत जातं. मुलींमध्ये या पिशवीत कधी अंडाशय उतरतं आणि तिथे पीळ पडून ते कायमचं निकामी होऊ शकतं. मुलांची शस्त्रक्रिया मोठ्यांपेक्षा सोपी असते. पिशवी बांधून टाकतात, जाळी वगैरे काही बसवत नाहीत. बाळांच्या बाबतीत "मोठा होऊ दे, मग बघू" हा सल्ला कुणी दिला तर बालशल्यतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय मानू नये.

आता मोठ्यांच्या थांबण्याकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

अनेक वर्षं सर्जनांची शिकवण होती की हर्निया दिसला की शिवायचा. त्याला 2006 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने धक्का दिला. 720 पुरुष निवडले, ज्यांना हर्निया होता पण त्रास नव्हता किंवा अगदी नाममात्र होता. अर्ध्यांची शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. लक्ष ठेवलेल्या गटात आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण निघालं दर हजार माणसांमागे वर्षाला दोनाहूनही कमी. म्हणजे अशा पुरुषांनी थांबणं सुरक्षित आहे. मी हे मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण भीती घालून ऑपरेशन करायला लावणंही बरोबर नाही. पन्नाशीतल्या, तब्येतीने बरा असलेल्या पुरुषाला बिनदुखता, सहज आत जाणारा फुगवटा असेल आणि सर्जनने तपासून "थांबलात तरी चालेल" म्हटलं असेल, तर त्याने रात्रीची झोप घालवायचं काही कारण नाही.

पण त्याच चाचणीची पुढची पानंही वाचायला हवीत. दोन वर्षांत थांबलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा स्वतःहून शस्त्रक्रियेला आला आणि दहा वर्षांत 68 टक्के, मुख्यतः दुखू लागलं म्हणून. पासष्टीच्या पुढच्यांत हे प्रमाण आणखी जास्त होतं. तेव्हा थांबणं म्हणजे बहुतेकांसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलणं, टाळणं नव्हे. पंचावन्नाव्या वर्षी ठणठणीत असताना करायची की सत्तराव्या वर्षी मधुमेह, दमा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सांभाळत, हा हिशेब ज्याचा त्याने सर्जनसोबत बसून करावा.

आणखी एक गोष्ट. त्या चाचणीत एकही बाई नव्हती. त्यातले पुरुष नियमित तपासले जात होते, काय झालं तर कुठे जायचं हे त्यांना सांगितलेलं होतं आणि दवाखाना जवळ होता. भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. तिथल्या माणसाला अमेरिकेतला आकडा सांगून घरी पाठवणं मला पटत नाही. दूरच्या पाड्यावर राहणाऱ्याने आपल्या सवडीने, उन्हाळ्यात, रस्ते चालू असताना शस्त्रक्रिया करून घेतलेली बरी.

बायकांसाठी हिशेबच निराळा आहे. लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या प्रकारच्या हर्नियाचा गळा आवळला जाण्याची शक्यता पहिल्या तीन महिन्यांत 2.8 टक्के आणि दोन वर्षांत 4.5 टक्के आढळली. जांघेच्या घडीखालच्या प्रकारात हीच शक्यता तीन महिन्यांत 22 टक्के आणि एकवीस महिन्यांत 45 टक्के. त्या अभ्यासात हा घडीखालचा प्रकार फक्त 37 जणांना होता, म्हणून आकडा नेमका तोच धरू नये. पण फरक इतका मोठा आहे आणि नंतरच्या अनुभवाशी इतका जुळतो की आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बायकांच्या जांघेच्या हर्नियात वाट पाहायला सांगत नाहीत. शक्य असेल तिथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवतात, कारण तिच्यात दोन्ही वाटा एकदम दिसतात आणि लपलेला दुसरा हर्निया सुटत नाही.

गळा आवळला जातो म्हणजे काय होतं? फट लहान, तिच्यातून आतड्याचं वेटोळं बाहेर आलेलं. आधी शिरांमधून रक्त परत जाणं थांबतं, आतडं सुजतं, सुजल्यामुळे फट आणखी घट्ट होते, मग ताजं रक्त यायचंही थांबतं. तिथून पुढे घड्याळ सुरू होतं. साधारण सहा तासांत आतड्याची भिंत मरू लागते. आतडं काळं पडतं, फुटतं, मळ पोटात सांडतो. बाहेरून दिसतं ते असं: रोज आत जाणारी गाठ आज जात नाही, दगडासारखी कडक होते, हात लावू देत नाही, वरची कातडी लाल किंवा जांभळी होते. पोटात पीळ पडतो, पोट फुगतं, उलट्या होतात, संडास आणि वारा सरणं बंद होतं. पुढे ताप येतो, नाडी जोरात चालते. कधीकधी आतड्याचा फक्त एक काठ अडकतो, तेव्हा वारा सरत राहतो, उलट्याही फार होत नाहीत आणि घरचे निर्धास्त राहतात. म्हणून कडक, दुखरी, आत न जाणारी गाठ एवढं एकच लक्षण निघायला पुरेसं मानावं.

अशा वेळी चोळणं, दाबणं, उलटं टांगणं हे सगळं घातक आहे. मेलेलं आतडं जोराने आत ढकललं तर बाहेरून गाठ गेलेली दिसते, माणसाला बरं वाटल्याचा भास होतो आणि आत विष पसरत राहतं. काही खायला-प्यायला देऊ नये, कारण पुढे भूल द्यावी लागणार आहे. 108 ला फोन करावा. महाराष्ट्रात 2014 पासून ही रुग्णवाहिका मोफत मिळते. आणि जिथे सर्जन व भूलतज्ज्ञ आहेत अशाच ठिकाणी न्यायला सांगावं, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यातच ते सहा तास सरतात. आमच्या काकांचे असेच सरले.

विलंबाची किंमत स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्पष्ट दिसते. तिथे लाखाहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतर माणसांएवढाच निघाला. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर तो सातपट झाला आणि आतडं कापावं लागलं तर वीसपट. ही अशा देशाची गोष्ट आहे जिथे रुग्णवाहिका वेळेवर येते.

आता तिसरं कारण, आणि माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात मोठं: पोट. बीड, अहिल्यानगरकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण आजारी पडला की खाडा, आणि खाडा उचलीत भर घालतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला तुम्ही सांगता, वजन उचलू नका. तो मान डोलावतो आणि पट्टा विकत घेतो. बाजार समितीत पन्नास किलोची पोती वाहणारा हमालही तेच करतो. पट्टा फुगवटा दाबून धरतो, फट बंद करत नाही. वर्षानुवर्षं वापरला तर कातडी आणि स्नायू आणखी कमकुवत होतात, आणि गाठ आत न घालता वरून पट्टा आवळला तर आतडं चेपतं. शस्त्रक्रियेची तारीख लांबलेल्या माणसाला काही दिवस आधार म्हणून ठीक, त्यापलीकडे नाही. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये करू, असं ठरतं. मग पेरणी, मग मुलीचं लग्न, मग पुन्हा कोयता. या माणसाला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. त्याच्या बुडणाऱ्या मजुरीची सोय कुणी लावत नाही तोवर नुसता सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही. हंगामाआधी, सप्टेंबरातच, या तालुक्यांत पोट आणि जांघ तपासण्याची शिबिरं व्हावीत आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या शस्त्रक्रिया उपजिल्हा रुग्णालयांत त्याच महिन्यात उरकाव्यात, एवढी मागणी कामगार संघटनांनी धरून बसावी.

शस्त्रक्रिया आता पूर्वीची राहिलेली नाही. इटलीतल्या पादुआचे एदोआर्दो बासिनी यांनी 1880 च्या दशकात जांघेची भिंत थरांनी शिवायची रीत बसवली आणि पुढची शंभर वर्षं जग तीच गिरवत होतं. तिचा दोष असा की दूरचे स्नायू ओढून जवळ आणले की टाक्यांवर ताण येतो, दुखतं, आणि काहींचं पुन्हा सुटतं. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसचे अर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी ओढून शिवण्याऐवजी वरून प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी बसवायला सुरुवात केली. त्या जाळीत शरीराचे तंतू रुजतात आणि ती भिंतीचाच भाग होते. आज बहुतेक ठिकाणी हेच होतं, समोरून एका चिरेतून किंवा दुर्बिणीने.

इथे महाराष्ट्राच्या वाट्याचं एक काम सांगितलंच पाहिजे. बाजारातली जाळी महाग, खेड्यातल्या रुग्णाला न परवडणारी. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड पाहिलं. त्याचा धागा वैद्यकीय जाळीच्या धाग्याच्याच कुळातला. त्यांनी ते कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरलं आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2003 मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडले. एका तुकड्याची किंमत बाजारातल्या जाळीच्या तुलनेत नगण्य. या कल्पनेला पुढे कडक कसोटी लागली ती युगांडात. तिथे 302 पुरुषांवर महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांची तुलना झाली आणि 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला: वर्षभराने दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच टाळली. रुग्णाच्याच जांघेतल्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची एक पट्टी भिंतीला शिवायची त्यांची पद्धत 2001 मध्ये प्रसिद्ध झाली आणि अनेक देशांत तिच्यावर अभ्यास झाले. दोंडाईचा आणि पुणे ही नावं हर्नियाच्या जागतिक चर्चेत आहेत, हे आपल्या वाचकाला सहसा कुणी सांगत नाही.

शस्त्रक्रियेचे तोटे झाकू नयेत. साधारण दहा-बारा टक्के लोकांना नंतर महिनोन्महिने जांघेत काही ना काही दुखत राहतं, आणि त्यातल्या थोड्यांचं दुखणं रोजचं काम अडवण्याइतकं असतं. ज्याला आधी काहीच त्रास नाही त्याने हे ऐकूनच निर्णय घ्यावा. काहींचा हर्निया परत येतो. पण "तीन महिने अंथरुणात" ही भीती मात्र जुनी झाली. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात, चालणं लगेच सुरू होतं आणि हलकी कामं आठवड्याभरात. जड ओझ्यासाठी आपल्याकडचे सर्जन काही आठवडे थांबायला सांगतात, ते ऐकावं. ज्यांना पूर्ण भूल झेपत नाही अशा वृद्धांची शस्त्रक्रिया फक्त ती जागा बधिर करूनही होते. "या वयात आता कशाला" असं म्हणण्याआधी हा पर्याय विचारावा.

घरात कुणी संध्याकाळी आडवं होऊन जांघेवर हात दाबून धरत असेल, आई किंवा सासूबाई जांघेतल्या गाठीला अवधाण म्हणून महिनाभर शेकत असतील, तान्हं बाळ रडताना जांघेत फुगवटा येत असेल, तर त्यांना याच आठवड्यात सर्जनकडे न्या. थांबायचं की नाही ते तिथे ठरू दे. तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक पुरुषांमध्ये सोनोग्राफीचीही गरज पडत नाही. उभं राहून एकदा खोकलं की पुरतं.